२७ लाख बारक्या फायलींचा बॅकअप एका रात्रीत कसा बसवायचा

नारायण पेठेत एक छोटं ऑफिस आहे, जुनी कागदपत्रं स्कॅन करून द्यायचं काम करतात, त्यांचा सर्व्हर आणि नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कांचा डबा ज्यावर बॅकअप जातो, मी बघतो. एके दिवशी सकाळी आठलाच मालकांचा फोन, "अहो तुमचा तो बॅकअप रात्री नऊला सुरू झालाय तो अजून चालूच आहे, आणि आमच्या पोरांना एक फाइल उघडायला मिनिट मिनिट लागतंय, काय करायचं सांगा." जाऊन बघितलं तर एकूण डेटा जेमतेम १८० जीबी. आता १८० जीबी म्हणजे आजच्या काळात काहीच नाही, गिगाबिट लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवरून, सेकंदाला ११० एमबी आरामात जातात, म्हणजे हिशोबाने सगळं अर्ध्या तासात संपायला पाहिजे. आणि इथे दहा तास होऊन गेले तरी निम्म्याच्या थोडं पुढे.

कारण फायली मोजल्या तेव्हा कळलं. ९ लाख पानं स्कॅन झालेली, प्रत्येक पानाची एक जेपेग, एक छोटा थंबनेल आणि एक ओसीआरची, म्हणजे पानावरचा मजकूर ओळखून काढलेली, टेक्स्ट फाइल, म्हणजे २७ लाख फायली. मालक म्हणाले, "मग दहा गिगाबिटचं स्विच घेऊया का?" स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा. मी म्हटलं थांबा हो, पैसे कुठे जात नाहीत, आधी वेळ कुठे जातोय ते बघू. हे सगळं लिहून काढतोय कारण मेलचे सर्व्हर, वेबसाइटचे फोटो, नकाशाच्या टाइल्स, कोडवाल्यांचे ते नोड मोड्यूल्सचे फोल्डर, सगळीकडे रडगाणं हेच आहे, आणि लोक आधी केबल बदलतात.

बघा, एक फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची म्हणजे फक्त डेटा ढकलणं नाही. इकडचं मशीन विचारतं, या नावाची फाइल आहे का. तिकडून उत्तर, नाही. मग बनवू का, बनव. हा घे डेटा, मिळाला. आता हिची तारीख ही लाव, लावली. परवानग्या या लाव, लावल्या. बंद करू का, कर. प्रत्येक प्रश्नाला एक हेलपाटा, आणि उत्तर येईपर्यंत पुढचं काम थांबलेलं. लॅनवर एका हेलपाट्याला समजा ०.४ मिलिसेकंद लागले आणि एका फाइलमागे दहा हेलपाटे झाले तर ४ मिलिसेकंद तिथेच गेले. वर नॅसमधली फिरती डिस्क. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, आणि नवीन फाइल म्हणजे डेटा एका जागी, इनोड (फाइलची साइज, तारीख वगैरेची नोंद) दुसऱ्या जागी, फोल्डरची नोंद तिसऱ्या जागी, डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड नुसतं इकडून तिकडे पळतंय. सगळं धरून एका फाइलला २० मिलिसेकंद धरा. सेकंदाला ५० फायली. २७ लाख भागिले ५० म्हणजे ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास. आता फाइल ५ केबीची असो की ५० केबीची, हे २० मिलिसेकंद काही फारसे बदलत नाहीत, आणि म्हणून केबल जाड करून काही होत नाही. केबल रिकामीच बसलेली असते हो!

हाच हिशोब घरून व्हीपीएन लावून केला तर अजून वाईट. कोथरूडमधून ऑफिसपर्यंत २० मिलिसेकंदाचा हेलपाटा धरला तर दहा हेलपाट्यांना २०० मिलिसेकंद, म्हणजे नुसत्या दहा हजार फायलींना अर्ध्या तासाच्या वर. लोक मग इंटरनेट प्लॅन वाढवतात आणि फरक शून्य पडतो, कारण प्लॅनने पाइप रुंद होतो, हेलपाट्याचा वेळ कमी होत नाही.

आधी मोजा

एक ५ जीबीची मोठी फाइल कॉपी करून वेळ लिहा. मग दहा हजार बारक्या फायलींचं एक फोल्डर कॉपी करून वेळ लिहा. मोठी फाइल जोरात गेली आणि बारक्या रांगत गेल्या तर केबल, स्विच, जंबो फ्रेम (नेटवर्कवर मोठी पाकिटं पाठवणं), दोन पोर्ट एकत्र बांधणं हे सगळे विषय तिथेच बंद करा. मोठी फाइलसुद्धा सेकंदाला ११ एमबीवर अडकली असेल तर मात्र कुठेतरी लिंक १०० मेगाबिटवर पडलीये, केबलचा एखादा वायर गेलाय, ते आधी दुरुस्त करा आणि मग पुढचं वाचा.

मग फक्त वाचायला किती वेळ लागतो ते बघा, नेटवर्क मध्ये आणूच नका. लिनक्सवर त्या फोल्डरचं टार (सगळ्या फायली एका धारेत बांधणारी कमांड) करून कुठेच न लिहिता फेकून द्यायचं. इथे एक गंमत आहे जिच्यात मी स्वतः फसलो होतो. जीएनयू टारला आउटपुट थेट डेव्ह नल, म्हणजे लिनक्सची कचरापेटी, दिलं तर ते हुशारी करतं, फायली आतून वाचतच नाही, फक्त नावं बघून मोकळं होतं, आणि आपल्याला वाटतं वा काय डिस्क पळतीये. म्हणून टारचं आउटपुट पाइपने कॅटमध्ये (येईल ते तसंच पुढे ढकलणारी कमांड) आणि कॅटचं आउटपुट डेव्ह नलमध्ये असं करा, म्हणजे खरं वाचन होतं. आणि दुसऱ्यांदा मोजताना आधी कॅश (नुकतंच वाचलेलं जे मेमरीत राहतं ते) रिकामी करा, नाहीतर पहिल्यांदा चाळीस मिनिटं आणि दुसऱ्यांदा चार मिनिटं असा आकडा येतो आणि मधे आपण जे काही बदललं त्याचं श्रेय उगाच त्याला मिळतं.

आता नुसत्या वाचनालाच बराच वेळ लागत असेल तर रोग सोर्सच्या, म्हणजे जिथून कॉपी होतंय त्या, डिस्कमध्ये आहे. वाचन झटपट होतंय आणि पाठवताना रांगतंय तर रोग हेलपाट्यांमध्ये किंवा पलीकडच्या नॅसमध्ये. यात अर्धा तास जातो पण हा अर्धा तास घालवल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

रुमाल बांधा

पेशवे दप्तरात मोडी कागद कसे ठेवतात माहितीये ना, सुटे नाही, रुमालात बांधून. कारकुनाला एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचं तर रुमाल उचलायचा, कागद मोजत बसायचं नाही. टार म्हणजे तोच रुमाल. १९७९ च्या युनिक्सपासून आहे, मुळात टेपवर लिहायला बनवलेलं, आणि टेपला मागेपुढे पळवणं परवडत नाही म्हणून ते सगळं एका सलग धारेत ओततं. आपल्यालाही नेमकं तेच पाहिजे. प्रत्येक फाइलच्या पुढे ५१२ बाइटचा एक हेडर, मग डेटा, मग पुढची फाइल. पलीकडून प्रत्येक फाइलमागे परवानगी मागायची भानगडच नाही.

दोन पद्धती आहेत. एक, इकडे टार करून एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनशी बोलायची एन्क्रिप्टेड वाट) पाइपमधून पलीकडे ओतायचं आणि पलीकडे तिथल्या तिथे सोडायचं. म्हणजे फायली शेवटी सुट्याच होतात पण त्या बनवण्याचं काम नॅस स्वतःच्या डिस्कवर स्वतः करतं, हेलपाटे वाचतात. डिस्कच्या हेडची पळापळ मात्र तशीच राहते. दोन, पलीकडे सोडायचंच नाही, टारची एकच फाइल म्हणून ठेवायची, मग हेडची पळापळही वाचते आणि फिरती डिस्क जे काम उत्तम करते ते करते, सलग लिहिणं. मी दुसरीच वापरतो जिथे जमेल तिथे.

पण एकच मोठा रुमाल बांधू नका हं! मी पहिल्यांदा तेच केलं, १८० जीबीचं एकच टार. बुधवारी रात्री उशिरा सुरू केलं, सोर्सची डिस्क म्हातारी त्यामुळे गुरुवारी सकाळपर्यंत चाललेलं, आणि पुण्यात गुरुवारी काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. लाईट गेली, यूपीएस सर्व्हरला होता, मधल्या स्विचला नव्हता. टारची धार मधे तुटली की जिथून तुटली तिथून पुढे चालू करता येत नाही, परत श्रीगणेशा. तेव्हापासून २ ते ४ जीबीचे तुकडे करतो. या ऑफिसात प्रत्येक कामाचा एक बॅच नंबर असतो, तोच एक रुमाल, साधारण साठ रुमाल झाले. एखादा बिघडला तर तेवढाच परत, आणि एका रुमालातलं एखादं पान हवं असेल तर ३ जीबी चाळावे लागतात, १८० नाही. हो, टारचा हा मोठा दोष आहे, आत अनुक्रमणिका नसते, एक फाइल शोधायला पहिल्यापासून वाचत जावं लागतं. म्हणून प्रत्येक टारसोबत आतल्या फायलींची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून शेजारी ठेवायची, रुमालावर चिठ्ठी लावतात तशी, आणि त्याच वेळी चेकसमही (फाइलच्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठेवायचा. झिपमध्ये शेवटी यादी असते हे खरं, पण जुन्या झिपला ६५,५३५ फायली आणि ४ जीबीची मर्यादा, त्याच्या पुढे झिप ६४ लागतं आणि ते प्रत्येक जुन्या टूलला कळेलच असं नाही.

कॉम्प्रेशन लावायचं का? जेपेग आधीच दाबलेल्या असतात, परत दाबून काही निघत नाही, फक्त सीपीयू तापतो. ओसीआरच्या टेक्स्ट फायली मात्र छान बसतात. लावायचंच असेल तर झेडस्टँडर्ड सगळ्यात हलक्या लेव्हलला लावा, जीझिप एका कोअरवर रडत बसतो. आणि स्वस्तातलं नॅस असेल तर एसएसएचचं एन्क्रिप्शनच त्याच्या सीपीयूला झेपत नाही असंही होतं, टॉप कमांडला एसएसएचडी एका कोअरवर शंभर टक्के दिसलं की समजायचं.

रोजचं काम वेगळं, पहिल्यांदाचं वेगळं

सगळ्यात जास्त वेळ कशाने वाचला विचाराल तर टारनेही नाही, एका साध्या प्रश्नाने वाचला. मी मालकांना विचारलं की गिऱ्हाइकाला काम दिल्यावर त्या बॅचमध्ये कोणी हात घालतं का? म्हणाले छे, कशाला घालतील. म्हणजे २७ लाखांपैकी साडेसव्वीस लाख फायली परत कधी बदलणारच नाहीत! आणि आपण रोज रात्री त्या सगळ्यांना हाक मारून विचारत होतो, बाई तू बदललीस का, तू बदललीस का. मग ठरवलं, बॅच क्लोज झाला की त्याचा रुमाल बांधायचा, नॅसवर एकदा पाठवायचा, यूएसबी डिस्कवर एकदा, आणि क्लोज झालेलं फोल्डर रीड ओन्ली करून रोजच्या बॅकअपमधून बाहेर काढायचं. रोज फक्त चालू बॅच जातात, पन्नास हजाराच्या आसपास फायली. त्या आता दुपारी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एकदा जातात. एक ते चार पुण्यात दुकानं बंद असतात यावर लोक विनोद करतात, माझ्यासारख्याला ती बॅकअप विंडो आहे.

रोजच्यासाठी आरसिंक, फक्त बदललेलं तेवढंच कॉपी करणारं. १९९६ पासूनचं टूल आहे, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं, आणि अजून त्याला तोड नाही पण लोक ते वापरतात चुकीचं. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नॅसचा शेअर सर्व्हरवर माउंट करायचा (स्वतःच्याच फोल्डरसारखा जोडायचा) आणि मग आरसिंकला सांगायचं की या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये कर. आरसिंकला वाटतं दोन्ही लोकलच आहेत, आणि पलीकडच्या प्रत्येक फाइलची तारीख आणि साइज विचारायला तो नेटवर्कवरून हेलपाटे घालतो. म्हणजे काहीही कॉपी करायचं नसलं तरी लाखो हेलपाटे. त्याच्याऐवजी आरसिंक दोन्ही टोकांना चालू पाहिजे, एसएसएचवरून किंवा नॅसमध्ये आरसिंकची सर्व्हिस चालू करून, पोर्ट ८७३. मग नॅस आपली यादी आपल्याच डिस्कवरून वाचतं आणि नेटवर्कवरून जातात त्या फक्त गठ्ठ्याने याद्या आणि बदललेल्या फायली. माझ्या मते या सगळ्या लेखातला सगळ्यात फुकट आणि सगळ्यात मोठा फायदा हा आहे.

बाकीच्या खाचाखोचा. आरसिंक फाइल बदलली का हे साइज आणि तारखेवरून ठरवतं, त्यामुळे तारीख जपणारा ऑप्शन दिला नाही तर पलीकडे तारीख कॉपी केल्याच्या वेळेची पडते आणि दुसऱ्या रात्री त्याला सगळ्याच फायली बदललेल्या वाटतात. आर्काइव्हचा मायनस ए द्या, त्यात तारीख येते. यूएसबी डिस्क फॅट ३२ असेल तर तिच्यात वेळ दोन दोन सेकंदाच्या घरात लिहिली जाते, तिथेही तोच घोळ, मॉडिफाय विंडो १ द्या. मायनस सी म्हणजे चेकसमवाला ऑप्शन रोज लावू नका, तो प्रत्येक फाइल दोन्ही टोकांना पूर्ण वाचतो, महिन्यातून एकदा रविवारी ठीक आहे. आणि आरसिंक ३.० पासून, म्हणजे २००८ पासून, आख्खी यादी बनेपर्यंत थांबत नाही, यादी बनवता बनवता पाठवायला लागतं, पण डिलीट बिफोर, डिलीट आफ्टर, डिले अपडेट्स यातलं काही दिलं की ही सोय बंद पडते आणि ते परत पहिल्यासारखं सगळी यादी मेमरीत घेऊन बसतं. पलीकडचं जास्तीचं काढायचंच असेल तर साधं डिलीट द्या, आणि त्याआधी एकदा ड्राय रन (काय होईल ते नुसतं दाखवणारा), नाहीतर सोर्स माउंट नसताना डिलीट चालवलं की बॅकअप स्वच्छ धुवून निघतो.

हार्डलिंकवाले (न बदललेली फाइल परत कॉपी न करता तिला नुसती अजून एक नोंद देणारे) रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे आरसिंकचं लिंक डेस्ट, लोकांना फार आवडतात कारण जागा लागत नाही. जागा लागत नाही हे खरं पण नोंदी लागतात. २७ लाख फायली आणि ३० दिवस म्हणजे ८ कोटी १० लाख नोंदी, आणि जुना दिवस उडवायचा म्हटलं की परत २७ लाख नोंदी एकेक करून पुसायच्या. बॅकअपला दोन तास आणि जुना पुसायला चार तास असं झालेलं मी बघितलंय. इतक्या फायली असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

विंडोजवाल्यांसाठी

एक्सप्लोररमधून ड्रॅग करू नका एवढं तरी ऐका. रोबोकॉपी विंडोजमध्येच असते, आणि विंडोज ७ पासून तिच्यात स्लॅश एमटी आहे, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेड. आकडा दिला नाही तर ८, जास्तीत जास्त १२८. इथे तत्त्व असं की हेलपाट्याचा वेळ कमी करता येत नसेल तर एकाच वेळी अनेकांनी हेलपाटे घालावे. एकाने वाट बघत बसण्यापेक्षा सोळा जण वाट बघतायत, सोळापट काम. पण हे एसएसडीवर आणि लांबच्या नेटवर्कवर खरं, पलीकडे फिरती डिस्क असेल तर हेड एकच आहे, सोळा जणांनी सोळा दिशांना ओढलं की ते अजून मंद होतं. ८ ने सुरू करा, १६, ३२ करून बघा, फायली पर सेकंद वाढायच्या थांबल्या की एक पायरी मागे या. लिनक्सवर हेच करायचं तर वरच्या लेव्हलची फोल्डर्स एक्सआर्ग्स या कमांडला देऊन चार चार आरसिंक एकदम सोडायचे. क्लाउडवर पाठवत असाल तर आरक्लोनमध्ये ट्रान्सफर्स ४ आणि चेकर्स ८ असे डिफॉल्ट असतात, बारक्या फायलींना ते फारच कमी, तिथे बिनधास्त वाढवा.

रोबोकॉपीची एक खोड मात्र जीवघेणी आहे. एखादी फाइल कोणी उघडून बसलं असेल तर ती परत प्रयत्न करते, डिफॉल्ट किती वेळा, तर १० लाख वेळा, आणि दर वेळी मधे ३० सेकंद थांबून. गुणाकार करा, ३ कोटी सेकंद, ३४७ दिवस! अकाउंटंट एक एक्सेल उघडी ठेवून घरी गेला की बॅकअप पुढच्या वर्षी संपणार. स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १ हे न चुकता लिहा. आणि प्रत्येक फाइलचं नाव स्क्रीनवर छापणंसुद्धा वेळ खातं, लॉग फाइलमध्ये जाऊ द्या किंवा नावं छापणंच बंद करा. स्लॅश एमआयआर म्हणजे मिरर, तो पलीकडचं जास्तीचं पुसतो, आरसिंकच्या डिलीटबद्दल जे बोललो तेच इथे.

मग अँटिव्हायरस. प्रत्येक फाइल उघडली की तो मधे येऊन वास घेतो. मोठ्या फाइलला कळत नाही, २७ लाखांना कळतं. पण म्हणून आख्खं डेटा फोल्डर एक्सक्लूड करू नका, रॅन्समवेअर तिथेच येतं. फक्त बॅकअपच्या प्रोग्रॅमची प्रोसेस एक्सक्लूड करा, म्हणजे तो वाचताना स्कॅन नाही, बाकी कोणी उघडली तर स्कॅन आहे. नॅसच्या बाजूलाही बघा, बऱ्याच नॅसमध्ये फोटो इंडेक्सिंग चालू असतं, तुम्ही लाखो जेपेग टाकल्या की ते प्रत्येकीचे स्वतःचे थंबनेल बनवायला बसतं, म्हणजे २७ लाखांचे आता निदान ३६ लाख. बॅकअपच्या फोल्डरवर ते बंद. जुन्या एनटीएफएसवर (विंडोजची फाइल सिस्टिम) आठ अधिक तीन अक्षरी छोटी नावं बनवणं चालू असेल आणि एकाच फोल्डरमध्ये लाखभर फायली असतील तर तेही मंदावतं, डेटाच्या ड्राइव्हवर ते बंद करता येतं, फक्त एखादं जुनं सॉफ्टवेअर त्या नावांवर चालत नाही ना ते आधी बघा.

फायलींना हातच लावू नका

आता जरा वरच्या इयत्तेचं. आतापर्यंतचं सगळं फाइल एकेक करून उघडण्याबद्दल होतं. फाइल सिस्टिमच्या खालून, ब्लॉक (डिस्कवरचे ठरावीक तुकडे) पातळीवर बॅकअप घेतला तर फायली २७ असोत की २७ लाख, फरकच पडत नाही. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) घ्यायचा आणि कालच्या आणि आजच्या स्नॅपशॉटमधला फरक सेंड करायचा. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकसोबत तो कधी लिहिला गेला हे नोंदवून ठेवतं, त्यामुळे काय बदललं हे शोधायला त्याला सगळी फोल्डर्स फिरावी लागत नाहीत, बदल नाही तिकडची फांदीच्या फांदी सोडून देतं. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमलाही सेंड आहे. व्हर्च्युअल मशीन असेल तर आख्ख्या डिस्कचा इमेज बॅकअप, बदललेले ब्लॉक तेवढेच. आणि जुना स्नॅपशॉट उडवणं म्हणजे एक कमांड, २७ लाख वेळा पुसणं नाही. दोन्ही टोकांना झेडएफएस असेल तर खरं सांगतो वरचं अर्धं विसरून जा आणि हेच करा. नसेल आणि नवीन सर्व्हर घेणारच असाल तर घेताना विचार करा, फक्त यासाठी चालू सर्व्हर उलथवू नका.

रेस्टिक, बोर्ग हे बॅकअप प्रोग्रॅम मधले. ते फायलींचे तुकडे करून स्वतःच गठ्ठे बांधतात, रेस्टिकचा गठ्ठा साधारण १६ एमबीचा, त्यामुळे पलीकडे लाखो बारक्या फायली बनत नाहीत. पण ते जिथे डेटा आहे त्याच मशीनवर चालवा, शेअर माउंट करून त्याच्यावर नको. एक तर परत तेच हेलपाटे, आणि दुसरं म्हणजे बोर्ग फाइल ओळखायला इनोड नंबरही बघतो, नेटवर्क माउंटवर तो नंबर दर वेळी बदलू शकतो, मग त्याला रोज सगळं नवीन वाटतं आणि तो रोज सगळं परत वाचतो. नाइलाज असेल तर बोर्गच्या फाइल्स कॅशमध्ये फक्त सीटाइम (फाइल किंवा तिची नोंद शेवटची बदलल्याची वेळ) आणि साइज बघायला सांगा, रेस्टिकमध्ये इग्नोर इनोडचा ऑप्शन आहे.

हार्डवेअरवर पैसे घालायचेच असतील तर कशावर? स्विचवर नाही. आधी सोर्सला एसएसडी, मग नॅसला रॅम, म्हणजे इनोड आणि फोल्डरच्या नोंदी मेमरीत राहतात. डिस्क घेताना एसएमआरवाली नको, तिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात आणि विस्कळीत लिखाण जास्त वेळ चाललं की ती गुडघ्यावर येते, बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं, डेटाशीट बघून घ्या. रेड ५ वर, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा आणि पॅरिटी (एक डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशोब) वाटून ठेवतात तिथे, बारीक लिखाण महाग, एका लिखाणाला जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, मग दोन्ही लिही, अशी चार कामं होतात. आणि स्विचला यूपीएस लावा, वर सांगितलं का ते.

एक छोटी गोष्ट राहिली, इनोड. लिनक्सची ईएक्सटी ४ फाइल सिस्टिम फॉरमॅट करताना डिफॉल्टने दर १६ केबीमागे एक इनोड बनतो, म्हणजे ४० जीबीच्या पार्टिशनवर साधारण २६ लाख. टेक्स्ट आणि थंबनेलसारख्या चिमुकल्या फायली भरल्या तर जागा निम्मी रिकामी असूनही डिस्क भरली म्हणून एरर येते आणि माणूस वेडा होतो. डीएफ मायनस आय मारून बघा. पार्टिशन आहे तेवढंच ठेवून नंतर वाढवता येत नाही, फॉरमॅटच.

या ऑफिसात आता काय चालू आहे सांगतो. क्लोज बॅचचे रुमाल नॅसवर आणि एक सेट मालकांच्या घरी डिस्कवर. चालू बॅच आरसिंकने, दुपारी आणि रात्री. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगून थंबनेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणं बंद करवलं, सगळे एका एसक्यूलाइटच्या (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) फाइलमध्ये जातात, म्हणजे नव्या कामात एक तृतीयांश फायली जन्मालाच येत नाहीत. दहा गिगाबिटचं स्विच घेतलं नाही.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुठलाही एक रुमाल उचलून नॅसवरून रिकाम्या फोल्डरमध्ये सोडून बघतो, चेकसम जुळवतो आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिहितो. सर्व्हर मेला तर साठ रुमाल सोडायला किती तास लागतील हे मालक विचारणारच, तेव्हा त्या मिनिटांना साठने गुणून सांगता येतं. कुठले पाच आधी सोडायचे ते त्यांनी आत्ताच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलंय.